बाळ चौदा महिन्यांचं, आईला सेंटरमध्ये दाखल करायचंय : ऐरोलीच्या ताईंना उत्तर

ऐरोलीच्या एका ताईंनी सविस्तर लिहून विचारलंय. ओळख पटणार नाही इतपतच इथे सांगते. धाकटी बहीण २८ वर्षांची, सासर कळव्याला. थोरली मुलगी ५ वर्षांची, सीनियर केजीत. धाकटा मुलगा १४ महिन्यांचा, अजून अंगावर पितो. बाळंतपणानंतर चौथ्या-पाचव्या महिन्यात नवऱ्याने ‘हे घे, थकवा जातो, वजनही उतरतं’ म्हणून एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) हातावर ठेवली. आता ती रोज लागते आणि रात्री झोप यावी म्हणून वर गोळ्या. बहिणीने स्वतःच ताईंना फोन करून सांगितलं, व्यसनमुक्तीच्या सेंटरमध्ये दाखल व्हायलाही तयार झाली. सासूबाई म्हणतात, ‘पोरं इथे टाक, सहा महिने जा, बरी होऊन ये.’ ओळखीच्या एका डॉक्टरांचं म्हणणं, लहान्याला बरोबर ठेवता येतं. ताईंचे प्रश्न असे: खरंच ठेवता येतं का, ठेवावं का, थोरलीचं काय करायचं, आणि पोरं सासरी राहिली तर परत मिळतील का. शेवटी एक ओळ: ‘बाळाचं जावळ राहिलंय, ते कधी करावं?’

ताई, उत्तर आधी देते, कारणं मागून. धाकट्याला आईजवळ ठेवा, पण पहिल्या दिवसापासून नको. पहिले आठ-दहा दिवस तो तुमच्याकडे, त्यानंतर तिच्याजवळ. थोरलीला सेंटरमध्ये राहायला नेऊ नका. तीही तुमच्याकडेच राहू दे आणि शाळा बदलू नका. विटाव्यावरून रोज रिक्षाने ने-आण करावी लागेल, तो खर्च करा. आणि ‘बरी होऊन ये’ हे जे घरात चाललंय ते बंद करून कॅलेंडरवर तारखा लिहा. तारखांचं का म्हणते ते पुढे सांगते. त्यात माझी एक चूक आहे.

एमडी थांबली की माणूस आधी झोपतो. दोन-तीन दिवस पेशंटला जेवायला हाका मारून उठवावं लागतं. उठला की अधाशासारखा जेवतो आणि पुन्हा आडवा होतो. झोप पुरी झाली की मन खाली जातं. चिडचिड, रडू, कशातच गोडी नाही, ‘माझं आता काही खरं नाही’ असं बोलणं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात ते याच दिवसांत, म्हणून तेव्हा बाईवर चोवीस तास नजर लागते. गर्दच्या (ब्राउन शुगर, हेरॉईनच्या) पेशंटला ब्युप्रेनॉर्फिनसारखं बदली औषध देता येतं. एमडीला तसं काही नाही, लक्षणं सांभाळत दिवस काढायचे. पण खरं सांगू का, तुमच्या बहिणीच्या बाबतीत मला एमडीपेक्षा त्या झोपेच्या गोळ्यांची जास्त धास्ती वाटते. अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन्महिने घेऊन एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात. म्हणून दाखल होईपर्यंत घरच्या घरी ‘आजपासून सगळं बंद’ अशी शपथ घालू नका. रिकाम्या स्ट्रिप्स फेकू नका, पिशवीत भरून न्या. गोळ्यांचा तोंडी सांगितलेला आकडा बहुतेक वेळा खऱ्याच्या निम्मा निघतो, हा माझा तेवीस वर्षांचा अनुभव.

अशा अवस्थेतल्या बाईच्या कुशीत नुकतं चालायला लागलेलं पोर ठेवलं तर ते रात्री खाटेवरून उतरून कुठे गेलं हे तिला कळणारही नाही. म्हणून पहिले आठ-दहा दिवस वेगळे. ते सलग आणि एकदाच. अधूनमधून दहा मिनिटं भेटवून रडत परत नेणं दोघांनाही जड जातं.

दुधाचं नीट ऐका, कारण याविषयी सेंटरवाले बऱ्याचदा विचारतच नाहीत. एमडी चालू असताना पाजायचं नाही, आजपासूनच. झोपेच्या गोळ्यांनीही बाळ सुस्त होतं. बाळ १४ महिन्यांचं आहे, वरणभात, खिमट, नाचणीची पेज खातंय, त्यामुळे ते उपाशी राहील ही भीती नको. त्याला लागेल ती ऊब, तोंडात धरून झोपायची सवय. ती ऊब तुम्ही द्याल. पण आईच्या छातीचं काय? एका रात्री अकरा वाजता मला ड्यूटीवरच्या मुलाचा फोन आला, ‘मॅडम, नवीन पेशंटला जबरदस्त टर्की आलीये, थंडी वाजून ताप आहे, काय देऊ?’ टर्की म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास. मी गेले, तर ती बाई भिंतीला टेकून दोन्ही हात छातीवर धरून बसली होती. छाती दगडासारखी घट्ट, एका बाजूला लाल. तिला टर्की नव्हती, दूध साचलं होतं. तीन दिवसांत तिला एकाही माणसाने विचारलं नव्हतं की बाई, तुला पितं बाळ आहे का. तिनेही सांगितलं नव्हतं, कारण अशा ठिकाणी दूध पाजण्याची गोष्ट काढायची तिला लाज वाटली. तर दाखल करतानाच केस पेपरवर लिहून घ्या: बाळ अंगावर पितं. आराम पडेल इतकं दूध दिवसातून काही वेळा पिळून टाकावं लागेल. ताप आला, गाठ लाल झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. पुढे पुन्हा पाजायचं की सोडवायचं हे औषधं पाहून डॉक्टर आणि ती मिळून ठरवतील. सोडवलं तरी काही बिघडत नाही, त्यावरून तिला कुणी टोमणे मारू नयेत एवढं तुम्ही बघा.

(गर्द घेणारी आणि पोटुशी असलेली कुणी हे वाचत असेल तर तिच्यासाठी दोन ओळी. गरोदरपणात गर्द एकदम तोडू नका, पोटातल्या बाळाला धोका असतो. डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनवर आणून स्थिर करतात. बाळंतपणानंतर प्रकृती ठीक असेल तर या औषधावर असताना पाजायला सहसा हरकत नसते. जन्मल्यावर बाळाला थरथर, किरटं रडणं, सारखं शिंकणं, जुलाब असं होऊ शकतं म्हणून काही दिवस हॉस्पिटलात लक्ष ठेवतात. त्यावर इलाज आहे. फक्त प्रसूतीच्या डॉक्टरांपासून लपवू नका.)

आता कायदा. तुमचे डॉक्टर बरोबर बोलले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येतच धरल्या आहेत. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमात म्हटलंय की उपचारासाठी राहणाऱ्या स्त्रीचं ३ वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करू नये. मुलाला धोका आहे किंवा वेगळं ठेवण्यात त्याचं हित आहे असं उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत असेल, तर तेवढ्यापुरतं वेगळं करता येतं. पण तेव्हाही आईला मूल भेटत राहिलं पाहिजे, दर १५ दिवसांनी निर्णय पुन्हा तपासला पाहिजे आणि सलग ३० दिवसांच्या वर जायचं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. म्हणजे सासूबाईंचे सहा महिने कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

पण कायदा ‘सहसा’ म्हणतो आणि पाळणा काही देत नाही. आपल्याकडची बहुतेक केंद्रं पुरुषांसाठी उभी राहिली. एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के आलं. खाटाही त्याच हिशेबाने पडल्या. बायकांचं व्यसन घरातच मुरतं, त्यात आमच्या ठाण्याचं दुर्दैव वेगळंच. प्रादेशिक मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे, त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा अख्ख्या महाराष्ट्राचा विनोद झालाय. त्या विनोदापायी कितीतरी बायका ओपीडीची पायरी चढत नाहीत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. इकडेही बायका घेणारी ठिकाणं आहेत. पण बाळासकट घेता का असं विचारलं की फोनवर क्षणभर शांतता पसरते. अशा वेळी २१ व्या कलमाचा उल्लेख करा, भांडणाच्या सुरात नको. मी साधारण असं बोलते: ‘डिटॉक्सनंतर बाळ येईल, पाळणा आणि बाळाचं खाणं आम्ही आणू, तुमच्या डॉक्टरांनी हरकत नसल्याचं लिहून द्यावं.’ अर्धी केंद्रं तयार होतात. जी होत नाहीत, त्यांना खरोखरच बाळ सांभाळता येणार नसतं. तिथे हट्टाने ठेवूही नका.

जागा बघायला तुम्ही स्वतः जा, शक्यतो संध्याकाळी. बायकांचा वॉर्ड वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या दाराचा आहे का, रात्री बाई कर्मचारी असते का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, कायद्याखालची नोंदणी आहे का, जवळचा बालरोगतज्ज्ञ कोण, हे सगळे विचारतात, तुम्हीही विचाराल. मी त्याशिवाय एक करते. वॉर्डमध्ये गेल्यावर गुडघ्यांवर बसते आणि बाळाच्या उंचीवरून खोली बघते. खाटेखाली पडलेली गोळी, उघडं प्लगपॉइंट, बाथरूममधली फिनेलची बाटली, जिन्याचं न लागणारं दार. उभ्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तीस पेशंट गोळ्या गिळतात तिथे दोन-चार गोळ्या जमिनीवर पडणारच, आणि १४ महिन्यांचं पोर प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालतं. केंद्राच्या माणसाला ही कसरत विचित्र वाटेल, वाटू दे. आणि ‘गाडी पाठवतो, चार माणसं येऊन घेऊन जातील’ असं जिथे म्हणतील तिथे फोन ठेवून द्या. तुमची बहीण स्वतःच्या पायांनी जातेय. तिला मुलांसमोर उचलून नेण्यासारखं दुसरं पाप नाही.

आता ती माझी चूक. मी नवीन होते, बायकांच्या केसेस नुकत्याच घ्यायला लागले होते. एका दारूच्या पेशंटला आठ महिन्यांची मुलगी होती. मी आजीला म्हटलं, ‘तिला जरा स्थिर होऊ दे, मग बघू.’ ‘मग’ म्हणजे कधी, हे मी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आजी लांबची, प्रवास दगदगीचा, पाऊस लागला, आणि पेशंट छान प्रगती करत होती, म्हणून मीच दोनदा भेट पुढे ढकलली. साडेसात आठवड्यांनी आजी मुलीला घेऊन आली. आई आंघोळ करून, गजरा माळून बसली होती. तिने हात पुढे केले तर पोरगी आजीच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. आजी हसून म्हणाली, ‘विसरली गं तुला.’ ती सहज बोलली, मनात काही नव्हतं. त्या रात्री पेशंटने ‘मला सोडा’ म्हणून अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पिलेली पाहिली असा निरोप आला. दोष आजीचाही नाही, त्या बाळाचाही नाही. मी आईला सांगून ठेवायला हवं होतं की आठ महिन्यांच्या बाळाला साडेसात आठवडे म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाचवा-सहावा हिस्सा, ते तोंड फिरवेल, आणि अर्धा-पाऊण तास तू नुसती बाजूला बसून राहिलीस, ओढून घेतलं नाहीस, तर ते आपणहून येईल. हे आता मी प्रत्येक आईला सांगते. तारखाही लिहून देते. कायद्यातला तो १५ दिवसांचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा या बाईचीच आठवण झाली.

तुमच्याकडे ते दहा दिवस बाळ असेल तेव्हा बहिणीचा न धुतलेला गाऊन किंवा ओढणी मागून घ्या आणि झोपवताना जवळ ठेवा. फोन-व्हिडिओचं मला बाळाच्या बाबतीत फारसं कौतुक नाही, त्याला काही कळत नाही आणि आई मात्र रात्रभर रडते. त्यापेक्षा तिने वहीत रोज बाळाला दोन ओळी लिहाव्यात. लसीकरणाचं कार्ड सासरहून आत्ताच ताब्यात घ्या. १६ ते २४ महिन्यांतला बूस्टर उपचार आणि फॉलोअपच्या धामधुमीत हमखास राहतो.

बाळ आत आल्यावर काय होतं ते सांगते, कारण ‘बाळ जवळ असलं की तिला धीर येईल’ एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. धीर येतो. आणि छळही होतो. एमडीच्या पेशंटची तलफ बऱ्याचदा संध्याकाळची असते, कारण पुडी यायची ती वेळ तीच. आणि लहान मुलं किरकिर करतात तीही दिवेलागणीलाच. दोन्ही एकाच तासात. एका वॉर्डमध्ये मी सात वाजता बसले होते. एक तरुण आई दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत होती. मूल ताणून रडत होतं, तिचा जबडा घट्ट आवळलेला, थोपटणारा हात हळूहळू थोपटण्याऐवजी आपटायला लागला होता. तिला ते कळत नव्हतं. बाकीच्या बायका ‘दे गं माझ्याकडे’ करत धावल्या. मी त्यांना थांबवलं आणि तिच्या शेजारी चालायला लागले. म्हटलं, ‘हात बघ.’ तिने हात पाहिला, थांबली, तिथेच जमिनीवर बसली. मूल तिच्या मांडीवर रडतच होतं. मी म्हटलं, ‘रडू दे त्याला. तुला आत्ता काय हवंय?’ ती म्हणाली, ‘एक लाइन.’ लाज न वाटता म्हणाली. मूल मांडीवर असताना. आम्ही वीस मिनिटं तसंच बसून होतो. तलफ तेवढ्यात ओसरली. मूलही दमून झोपलं. नंतर ती बाई मला म्हणाली, ‘घरी हीच वेळ आली की मी त्याला खाटेवर टाकून बाथरूममध्ये जायचे.’

हे वीस मिनिटांचं बसणं तिला घरी एकटीने जमायला हवं, आणि ते बाळाशिवायच्या वॉर्डमध्ये शिकवता येत नाही. मूल आत हवं म्हणते ते त्यासाठी. शांत खोलीत ग्रुपमध्ये बसून कुणालाही व्यसनमुक्त राहता येतं. रात्री तीनदा उठलेल्या, सकाळी दूध उतू गेलेलं पुसणाऱ्या बाईला ते कठीण असतं. त्या वॉर्डने मला तिथे मूल कसं सांभाळायचं याचे नियमही शिकवले. आंघोळ, भरवणं आणि झोपवणं आईच करणार. बाकी बायका खेळवतील. नाहीतर पोर दिवसभर या कडेवरून त्या कडेवर फिरतं, आणि ज्यांची मुलं दुरावली आहेत अशा बायका त्याच्यात इतक्या गुंततात की डिस्चार्जच्या दिवशी दुसरंच दुःख उभं राहतं. ग्रुपची वेळ बाळाच्या झोपेच्या वेळेला धरून लावायची. ग्रुपपुरती सांभाळायला पगारी आया हवी. पेशंटवर ते काम टाकायचं नाही. तुमच्या केंद्रात आया नसेल तर दिवसातून दोन तास बाहेरची बाई ठेवू द्या असं विचारा. पैसे तुम्ही द्याल तर बहुतेक हो म्हणतील.

आणखी एक. मिश्री. केंद्रात बायका एमडी सोडतात, दारू सोडतात आणि मिश्रीची डबी पावडरच्या डब्यात लपवून आणतात. घरचेच पाठवतात, ‘तेवढा तरी विरंगुळा.’ मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटिन दुधातून बाळाला जातं. दात येताना कुणी बाळाच्या हिरडीला लावली तर थेटच जातं. आपल्याकडे तिला कुणी व्यसनात धरतच नाही.

थोरलीबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. मला मात्र तिचीच काळजी जास्त वाटते. बाळाला फारसं काही आठवणार नाही. तिला सगळं माहीत असतं. आमच्याकडे भेटीच्या दिवशी एक सहा वर्षांची मुलगी यायची. आई समोर दिसली की ही पळत यायची, पण मिठी मारण्याआधी दोन हातांनी आईचा चेहरा धरून डोळ्यांत बघायची. मी एकदा विचारलं, काय बघतेस गं? म्हणाली, ‘काळं मोठं असलं की आई चिडते. आज छोटं आहे.’ एमडीने बाहुल्या मोठ्या होतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अशा मुली भावाला बाटली भरून देतात, आजीला खोटं सांगतात, घरातलं शेवटचं बिस्किट स्वतः खात नाहीत, आणि सगळे म्हणतात, ‘किती समजूतदार!’ तिला तुमच्या घरी दोन महिने नुसतं हट्ट करता येऊ दे. भावाची जबाबदारी तिच्यावर टाकू नका, ‘तू मोठी ना’ म्हणू नका.

तिला खोटं सांगू नका. ‘आई गावाला गेली’ म्हटलं की ती वाट बघत बसते आणि नंतर कुणाच्याच गावाला जाण्यावर विश्वास ठेवत नाही. एवढं पुरे: ‘आईला बरं नाही. तिला ज्याची सवय लागली होती ते सोडवायला डॉक्टर मदत करतायत. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. रविवारी आपण तिला भेटायला जाणार.’ मग रविवार चुकवायचा नाही. पाऊस असो, मेगाब्लॉक असो. भेटीत तिला आईशी एकटीला अर्धा तास द्या. बाळाला तेवढ्या वेळ तुम्ही बाहेर फिरवा, नाहीतर तोही अर्धा तास भावालाच जातो. ‘माय मरो, मावशी उरो’ ही म्हण तुम्हाला या दिवसांत कुणीतरी ऐकवेलच, कौतुकाने. पोरीच्या कानावर पडू देऊ नका. पाच वर्षांच्या मुलीला त्यातले पहिले दोन शब्द तेवढे ऐकू येतात.

सासरच्यांचं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे ५ वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असतो. त्यापुढच्या वयात न्यायालय मुलाचं हित बघतं. दाखल होणं हे तिच्याविरुद्धचं हत्यार होईल अशी भीती बायकांना फार असते, आणि सासरचे ती मुद्दाम घालतात. मी पाहिलंय ते उलट: उपचार न घेता सापडलेली आई कोर्टात लंगडी पडते. डिस्चार्ज कार्ड, फॉलोअपचे कागद, रविवारच्या भेटींची नोंद घेऊन येणारी आई वकिलाला हवीहवीशी वाटते. म्हणून प्रत्येक कागद जपा. पोरं कुणाकडे, किती दिवस, हे साध्या कागदावर लिहून बहिणीची आणि तुमची सही घ्या. सासूबाई सही करत असतील तर उत्तम. मुलं अडवून ठेवली तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुलांना सांभाळायला कुणीच नसेल अशा घरांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि बालकल्याण समिती आहे. तुमच्यावर ती वेळ नाही. पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं ६४अ कलम वकिलांकडून समजून घ्या. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं.

नवऱ्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्याने अजून काही ठरवलेलं नाही. एवढंच म्हणते की तो घेत असेल तोवर डिस्चार्जनंतर ती कळव्याला जाणार नाही. हे दाखल करण्याआधी ठरवा. डिस्चार्जच्या दिवशी पिशव्या भरून झाल्यावर ही चर्चा काढली की ती नेहमी सासरच जिंकतं. त्यालाही जायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, फोन त्याने स्वतः करावा.

ती तुमच्या घरी येईल तेव्हा एक चिठ्ठी फ्रिजवर लावा. घसरण होईल, म्हणजे पुन्हा घेतली जाईल असं वाटेल, त्या दिवशी काय करायचं याची. आमच्या बायका त्यात एकच वाक्य लिहितात, जे फोनवर म्हटलं की समोरच्याने प्रश्न न विचारता येऊन मुलांना घेऊन जायचं. एकीचं वाक्य होतं, ‘कुकरची रिंग मिळत नाहीये.’ तुमच्या दोघींचं वाक्य तुम्ही ठरवा. आणि ते ऐकलं की ‘घेतलीस का?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही. आधी मुलं, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे.

जावळाचं विचारलंत. सासूबाईंना घाई असेल, ‘ती नसताना उरकून टाकू, पोराला उकडतंय’ असंही म्हणतील. उकडत असेल तर केस थोडे कापून घ्या, पण जावळ तिच्या माघारी काढू नका. ती बाहेर आल्यावर एखादा रविवार धरा. तुम्हाला भाऊ नसेल तर मामाच्या मांडीऐवजी तुमच्या मांडीवर बसवा, आणि केस झेलायला ताम्हन तिच्या हातात द्या.